मेंढरं चाटतात तो रस्ता

या वर्षापर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, कचेरीतल्या सोबत्यांना नाही, देवापुढं हात जोडून उभा राहिलो तेव्हाही नाही. अकरा वर्षांपूर्वी सोलापूरच्या दक्षिणेला एका माळावर एका मेंढपाळानं माझ्यासमोर तळ्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि प्यायलं. ते पाणी कसं आहे हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घेण्यासाठीच सरकारनं मला तिथं धाडलं होतं. मी त्याला थांबवलं नाही.

यंदाच्या चैत्रात मी त्या माळावर पुन्हा जाऊन आलो. घरी सांगितलं, सोलापूरला एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न आहे. बायकोनं आहेराचं पाकीटही तयार करून दिलं. ते अजून माझ्या बॅगेच्या कप्प्यात आहे.

आता, गेलो का, ते आधी सांगतो. आमचं खातं सांडपाण्यावर लक्ष ठेवतं. कारखान्यातून, विहिरीतून, गटारातून निघालेलं पाणी शुद्ध करून कुठं वापरायचं आणि कुठं नाही, याच्या परवानग्या आम्ही देतो. तेल आणि वायू शोधणाऱ्यांना पाणी फार लागतं आणि जमिनीतून त्याहून वाईट पाणी वर येतं. खारं, कसकसले क्षार विरघळलेलं. तेच पाणी शुद्ध करून पुन्हा वापरलं तर गोडं पाणी वाचतं. कल्पना चांगली आहे, आजही मी तेच म्हणेन. त्यासाठी नवे नियम लिहायला पुण्यात एक समिती बसली आहे आणि त्या समितीत मी आहे. फेब्रुवारीतल्या बैठकीत एका तरुण अधिकारी बाईंनी जुनी फाईल काढली. म्हणाल्या, "महाराष्ट्रात हे यशस्वी झाल्याचं एक उदाहरण आहे, सर. सोलापूरची तेलाची चाचणी विहीर. नमुना निकषात बसला, स्थानिक साक्षीदाराचा अंगठा आहे, आणि अकरा वर्षांत एकही तक्रार नाही. हाच नमुना धरून नियम थोडे सैल करता येतील."

नमुना घेणाऱ्याची सही माझी होती. सगळ्यांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. मी चहाचा कप उचलला.

सोलापूर

पुण्याहून सकाळच्या गाडीनं निघालो. कुर्डुवाडी गेली की खिडकीबाहेरचा रंग बदलतो. हिरवं मागं राहतं आणि माती अशी काळी, उघडी दिसायला लागते की डोळ्यांना कशावर टेकावं कळत नाही. समोरचे गृहस्थ वटवटे निघाले. पुण्यात नळाला पाणी रोज येतं हे ऐकून त्यांनी "रोज?" असं तीनदा विचारलं आणि मग माझ्याशी बोलणंच सोडलं.

स्टेशनाजवळच्या खानावळीत जेवलो. कडक भाकरी, शेंगांची चटणी, वर दही. आमच्याकडं भाकरी कडक झाली की बायका शरमतात, इथं ती मुद्दाम कडक करून चळतीनं विकतात. मी चटणी खात होतो आणि मीठ मोजत होतो. अकरा वर्षं मला ही खोड आहे. खारट काहीही जिभेला लागलं की मी थांबतो. बायको म्हणते, तुमचं ब्लडप्रेशर चांगलंय हो, खा की. मी म्हणतो, नको.

मंद्रूप

दुसऱ्या दिवशी एस.टी.नं मंद्रूपला उतरलो. बाजाराचा दिवस होता. मला घाई नव्हती. खरं तर माळावर पोचायचं जितकं लांबेल तितकं बरं होतं, म्हणून बाजारात हिंडलो. एका बाजूला खडे मिठाचे ढीग लावून एक म्हातारी बसली होती. मेंढपाळ हे मीठ पोत्यानं नेतात. दगडावर पसरतात, मेंढ्या चाटतात. मेंढीला मिठाची हाव असते, हे मला तेव्हाही माहीत होतं. तेव्हा म्हणजे, अकरा वर्षांपूर्वी.

मी माळाचं नाव घेतलं आणि तिकडचे लोक किती मीठ नेतात असं सहज विचारलं.

म्हातारी तागडी पुसत होती. "तिकडची मान्सं मीठ घेत न्हाईत."

"का बरं?"

"मेंढरं रस्ता चाटत्यात की त्यांची." तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी रस्त्याच्या खात्यातलं व्हय?"

"नाही, पाण्याच्या."

"मग लई उशीर केलात," म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळली.

तिकडं जायला कुणी तयार होईना. म्हणजे भीतीनं असं नव्हे. जो तो म्हणे, तिकडं भाडं मिळत नाही परतीचं. शेवटी खाजाभाई नावाचा टमटमवाला तयार झाला. पन्नाशीचा, दाढीला मेंदी. वाटेत त्याची बडबड चालली होती ती पक्की सडक संपली तशी कमी झाली. डांबर संपून मुरुमाचा रस्ता लागला, तिथं त्यानं टमटम उभी केली.

"बस साब. इसके आगे मैं नई जाता."

"का? रस्ता तर बरा दिसतोय."

"रस्ता बरा है. वोइच तो." त्यानं खाली उतरून टायरला लाथ मारली. "लोहा खाता है ये रस्ता. मेरे भाई की गाडी का नीचे का पत्रा गया. और एक बात बोलूं? हसना मत. कुत्ता भी नई जाता उधर. भौंकता बी नई. बैठता है हद पे, चूप."

मी हसलो नाही. संध्याकाळी यायला सांगून चालू लागलो. पन्नास पावलं गेल्यावर लक्षात आलं, पाण्याची बाटली टमटमच्या सीटवर राहिली. वळून हाक मारली. टमटम धूळ उडवत लहान होत गेली.

माळ

आधी मला वाटलं, रस्त्यावर कुणी चुना टाकलाय. जत्रेला पालखीच्या वाटेवर टाकतात तसा. दोन्ही कडांना पांढरं, मध्ये चाकोरीत फिकट, उन्हात बघवत नव्हतं. वाकून बोटानं उचललं. जिभेला लावलं नाही. लावायची गरज नव्हती.

शुद्ध केलेलं म्हणून जे पाणी कागदावर उतरलं, ते टँकरनं ह्या रस्त्यावर शिंपलं गेलं होतं. धूळ बसवण्यासाठी. तशी परवानगी होती. पाणी उडून जातं, मीठ राहतं. पाऊस पडला की खाली उतरतं आणि ऊन तापलं की जमीन ते पुन्हा वर काढून ठेवते. दर उन्हाळ्यात. विहीर खणणारे गेले त्याला दहा वर्षं होऊन गेली, त्यांचं पाणी अजून येतंय.

पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येत होता. थोडं पुढं गेल्यावर मी तो आवाज का ऐकू येतोय ह्याचा विचार करायला लागलो, आणि मग कळलं की दुसरा आवाजच नाही. टिटवी नाही, भुंगा नाही. मी मुद्दाम उभा राहून खाली बघितलं. चैत्रातल्या माळावर दगड उचलला की मुंग्यांची धावपळ दिसते. मी सात-आठ दगड उचलले. खाली ओलसर पांढरं होतं आणि काही नव्हतं.

उजवीकडं झाडं होती. हिरवा पट्टा म्हणून लावलेली, सरळ रांगांत, प्रत्येकाला नंबराची पत्र्याची चकती. सगळी उभी वाळलेली. पडलीही नव्हती. वारा आला की चकत्या वाजत. मी नकळत नंबर वाचत चाललो होतो, जसा पाहणीला आलोय.

आणि मग तो बोर्ड. गंजलेला, एका खांबावर तिरका. अक्षरं मात्र शाबूत. 'येथे प्रक्रिया केलेले सुरक्षित पाणी वापरले जाते.' खाली परवानगीचा क्रमांक. तो क्रमांक मला पाठ आहे, माझ्या लग्नाची तारीख विसरतो पण तो नाही.

त्या दिवशी काय झालं ते इथंच सांगतो, कारण ते तिथंच झालं. नियम साधा होता. पाणी शुद्ध करायचं यंत्र चालू असताना, शेवटच्या नळाखालून, स्थानिक साक्षीदाराच्या डोळ्यांदेखत नमुना भरायचा, त्याच्यासमोर सील करायचं. मी पोचलो तेव्हा यंत्र बंद होतं. गाळण्या तुंबल्या होत्या. तिथला इंजिनीयर म्हणाला, संध्याकाळपर्यंत चालू करतो सर. उन्हानं माझं डोकं दुखत होतं आणि साडेपाचची गाडी पकडायची होती. मी बाटल्या घेतल्या आणि कामगारांच्या स्वयंपाकघराबाहेर सोलापूरहून आलेला पिण्याच्या पाण्याचा टँकर उभा होता, त्याच्या तोटीखाली भरल्या. इंजिनीयरनं तोंड फिरवलं. कुणी मला लाच दिली नाही. दिली असती तर आज हे सांगायला सोपं गेलं असतं. मला फक्त घरी जायचं होतं.

मग अंगठ्यासाठी साक्षीदार हवा. जवळच मेंढरं घेऊन एक जण उभा होता, त्याला बोलावलं. म्हाळाप्पा. काळा, उंच, खांद्यावर घोंगडं. बाटल्या आधीच सील झालेल्या. मी म्हणालो, ह्या पाण्याचा नमुना घेतलाय, अंगठा दे.

तो म्हणाला, "चाकल्याबिगर न्हाय देत सायेब."

ही त्यांच्या वस्तीची रीत होती. नवं पाणी दिसलं की कळपाला सोडायच्या आधी वस्तीतला एक ठरलेला माणूस ओंजळभर पितो. मग पुढची मेंढी, मग बाकीच्या. तो मान म्हाळाप्पाच्या घराकडं, बापापासून. मी बोलायच्या आत तो विहिरीतून आलेलं पाणी साठवलेल्या तळ्याच्या काठावर बसला होता.

प्यायला. तोंड वाकडं केलं. "खारं हाय की."

ह्या ठिकाणी मी बोलू शकलो असतो. पण 'पिऊ नको' म्हणायचं तर 'तपासलं नाही' हेही म्हणावं लागलं असतं. मी म्हणालो, "यंत्रातलं पाणी असंच लागतं. जिभेला कळत नाही ते. कागदावर चांगलं येतं."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग हसला. "कागुद म्हनतुय तर आसंल," म्हणाला आणि अंगठा पुढं केला.

मेंढरं

बोर्डापाशी उभा असतानाच तो आवाज आला. पहिल्यांदा वाटलं, लांब कुठं पाऊस पडतोय. किंवा खूप माणसं एकदम कागद घासतायत. वळणापुढं गेलो.

दोनशे तरी मेंढ्या असतील. रस्त्याच्या दोन्ही कडांना, डोकी खाली, जिभा बाहेर. एकही ओरडत नव्हती. एकीच्याही गळ्यातली घंटा वाजत नव्हती, कारण माना हलतच नव्हत्या. नुसती जिभांची घासघास. रस्त्याच्या कडेला त्यांच्या जिभांनी पडलेले खळगे होते, वाटीएवढे, गुळगुळीत, दगड झिजून चकाकणारे. एकेका खळग्यात तीन-तीन तोंडं.

मी मध्ये उभा राहिलो. एका मेंढीनं मान वर केली. मग दुसरीनं. मग त्या माझ्याकडं येऊ लागल्या, धावत नाही, हळूहळू, आणि मला काही कळायच्या आत माझ्या भोवती कडं झालं होतं. माझ्या हातांना घाम फुटला होता. एकीनं तळहात चाटला. खरखरीत, गरम जीभ. मग बोटं, मनगट, शर्टाची बाही. मला हात काढून घेता येईना. घामाचंच मीठ, दुसरं काय, असं मी मनाशी म्हणत होतो. पण त्या माझा उजवाच हात चाटत होत्या. सहीचा.

"हाल्याऽ! होऽ!" मागून हाळी आली आणि कडं फुटलं.

काठी टेकत म्हाळाप्पा आला. केस पूर्ण पांढरे, बाकी तोच. मला ओळखलं नाही त्यानं. का ओळखावं?

"भिऊ नगा. चावत न्हाईत. पर हितं थांबू नगा लई येळ. बूट चाटून चाटून टाचा काढत्याल."

माझ्या डाव्या बुटाचा तळ खरंच सुटला होता. ते बघून म्हाळाप्पा हसला. त्याच्या कमरेची सुतळी त्यानं काढून दिली, बुटाला बांधायला. मी ती बांधत खाली बसलो असताना विचारलं, "ह्यांना इथून नेत का नाही तुम्ही?"

"न्हेतो की. सा कोस लांब न्हेली हुती गेल्या साली. सकाळी बगतो तर समदी हितंच." तो रस्त्याकडं बघत होता. "ज्येंनी कदी त्या तळ्यातलं पानी पिलं न्हाय, ती कोकरंबी येत्यात. कुनी सांगितलं त्येस्नी?"

मग म्हणाला, "तुमाला तहान लागल्याय. चला वस्तीवर."

वस्ती

चार छपरं आणि एक लिंब. म्हाळाप्पाची बायको यल्लव्वा चुलीपाशी होती. तिनं तांब्या भरून आणला. इथली आणखी एक रीत: पाहुण्याला पाणी देण्याआधी घरातलं माणूस त्यातला घोट घेतं. आमच्याकडं हा उद्धटपणा ठरेल. इथं त्याचा अर्थ, ह्या पाण्याची जबाबदारी माझी. घोट म्हाळाप्पानं घ्यायला हवा होता. तो दुसरीकडं बघत बसला. यल्लव्वानं वरून घोट घेतला, गिळला, आणि तांब्या माझ्या हातात दिला.

मी विचारलं, "तुम्ही नाही घेतला?"

"त्येचं सुटलंय त्ये," यल्लव्वा म्हणाली. "जीब आसून मुका हाय. कालवनात मीठ लई झालं का कमी झालं, मलाच इचारतुय. अकरा वरीस. मी म्हनते, तुला कळत न्हाय तर जेवतुस कशाला, गोळ्या खा की दवाखान्यातल्या."

"गप ए," म्हाळाप्पा म्हणाला. पण रागानं नाही.

मग त्यानं सांगितलं. मी विचारल्यावाचून, अनोळखी माणसाला सांगतात तसं मोकळं. विहिरीवाल्यांनी त्या उन्हाळ्यात वस्तीसाठी हौद बांधून दिला आणि शुद्ध केलेलं पाणी त्यात सोडलं. दुष्काळाचं साल. लोकांनी त्याला विचारलं. त्यानं चाखलं, खारंच लागलं. पण तो म्हणाला, सायबाच्या कागदावर चांगलं आलंय, माझा अंगठा आहे त्यावर. आणि स्वतःची मेंढरं आधी सोडली. मग सगळ्यांची. आठवड्याभरात मेंढ्या गोल फिरायला लागल्या. एकाच जागी, एकाच बाजूला, दिवसभर. डोळे उघडे पण दिसत नसल्यासारख्या. दगडाला डोकं लावून उभ्या राहायच्या. गाभण होत्या त्या गाभडल्या. लोकांनी हौद फोडला. विहिरीत काहीच लागलं नाही, यंत्रं गेली, माणसं गेली.

"तक्रार का केली नाहीत?" मी विचारलं.

"कुनाची?" त्यानं उजवा अंगठा वर केला, माझ्यासमोर धरला. "ह्येची? माजाच हुता की त्यावर. सोताच्या अंगठ्याइरुद्द कुटं सांगायचं?"

म्हणजे 'एकही तक्रार नाही' ते असं होतं.

वस्तीनं त्याला काही बोल लावला नाही. वाळीतही टाकलं नाही. फक्त नव्या पाण्यावर गेले की लोक त्याला हाक मारीनात. ओंजळ आता त्याच्या चुलतभावाकडं आहे. "बराबर हाय त्यांचं," म्हाळाप्पा म्हणाला. "ज्येची जीब खोटी निगाली त्येनं कशाला पुडं व्हायचं? मला खारं लागलं, सायबाच्या मशिनीला ग्वाड लागलं. मशीन खोटं बोलंल व्हय?"

यल्लव्वानं भाकरी आणि हुलग्याचं कालवण पुढं ठेवलं होतं. मी हात धुतला नव्हता. त्याला मेंढ्यांची लाळ वाळली होती, कातडी ओढत होती.

मी म्हणालो, "तो साहेब मी आहे."

मी सगळं सांगितलं. बंद यंत्र, टँकरची तोटी, साडेपाचची गाडी. प्रयोगशाळेतल्या मशीननं तळ्यातलं पाणी कधी चाखलंच नव्हतं. बाटलीत सोलापूरचं पिण्याचं पाणी होतं, ते चांगलं निघणारच. सांगताना मी भाकरीकडं बघत होतो.

त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हाळाप्पा म्हणाला, "म्हंजी खारंच हुतं."

"खारंच होतं."

"मला लागलं तसंच."

"तुम्हाला लागलं तसंच."

"आगं, ऐकलंस का," तो बायकोला म्हणाला.

"मी काय भैरी हाय?" तिनं काठवट इतक्या जोरात खाली ठेवली की पीठ उडालं. मग माझ्याकडं वळली. "आन् तुमी बगत हुता? ह्यो पीत हुता तवा?"

"हो."

तिनं कालवणाचं ताट माझ्यापुढून उचललं नाही. उचललं असतं तर बरं झालं असतं.

म्हाळाप्पा उठला, कोपऱ्यातल्या माठाकडं गेला आणि ओंजळीत पाणी घेतलं. ओंजळ तोंडापाशी नेली. तिथंच धरून उभा राहिला. पाणी बोटांतून गळत गळत संपलं. मग त्यानं हात घोंगड्याला पुसले.

"मला सांगून काय उपेग?" म्हणाला. "मला ठावंच हुतं, कुटंतरी. त्यांस्नी सांगा. सांजच्याला बिरुबाच्या देवळाम्होरं समदी बसत्यात. तितं सांगा, मान्सात."

मी म्हणालो, सांगतो.

देऊळ

दिवस बुडत होता. देवळासमोरच्या कट्ट्यावर पंधरा-वीस माणसं होती. खाली रस्ता दिसत होता. बाकी माळ काळा पडला तरी तो पांढराच, जसा आतून उजेड लावलाय. मेंढ्या अजून तिथंच होत्या. इतक्या लांबूनही मला ती घासघास ऐकू येत होती, की मला वाटत होतं, कोण जाणे.

म्हाळाप्पा उभा राहिला. माणसांत त्याला उभं राहिलेलं बहुधा बऱ्याच दिवसांनी बघत असावेत, बोलणी थांबली. "ह्ये सायेब पुन्यास्नं आल्यात," तो म्हणाला. "तुमाला काय सांगायचं हाय म्हनत्यात."

सगळे माझ्याकडं बघू लागले. चुलतभाऊ पुढं बसला होता, जाड मिशांचा, हातात चहाचा पेला. कुणीतरी म्हणालं, "बोला की सायेब. रस्त्याचं काय करताय?" दुसरा म्हणाला, "बोलू दी रं. सायेब लोकांस्नी आदी घसा साफ करावा लागतुय." हसले सगळे.

माझ्या तोंडात खारट चव आली. मला अगदी स्पष्ट आठवतं. काही न खाता खारट.

मी म्हणालो, "रस्ता बघायला आलो होतो. वर अहवाल देतो."

एवढंच. कुणी मान हलवली, कुणी तंबाखू चोळू लागलं. असले अहवाल त्यांना नवे नव्हते. मी म्हाळाप्पाकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. त्यानं बसताना काठी हळूच खाली ठेवली, आवाज न करता, जशी झोपलेल्या माणसाशेजारी ठेवतात.

हद्दीवर खाजाभाईची टमटम उभी होती. दिव्याच्या उजेडात तीन कुत्री बसलेली. मी त्यांच्यामधून गेलो तेव्हा ती उठली, माझा हात हुंगला आणि मागं सरली.

"क्या देखा साब?" त्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. सवयीनं.

पुणे

आल्यावर तिसऱ्या दिवशी मी समितीला लेखी दिलं. नमुना खोटा होता, तो मी घेतला, साक्षीदाराची फसवणूक मी केली, ही फाईल कशाचाही आधार होऊ शकत नाही. त्या तरुण बाईंनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. नव्या मसुद्यातून ते उदाहरण वगळलं गेलं. शिंपायच्या पाण्यातल्या क्षारांची अट सैल होणार होती, ती झाली नाही. माझी चौकशी सुरू आहे. जे व्हायचं ते होईल, त्याबद्दल इथं गळा काढणार नाही. बायकोला आज हे वाचायला देणार आहे.

त्या निवेदनाची एक प्रत मी म्हाळाप्पाला पाठवणार होतो. पाकिटावर वस्तीचा पत्ताही लिहिला. मग फाडलं. कागदावर विश्वास ठेवायला मी त्याला एकदा सांगितलंच होतं.

बूट मी दुरुस्त केलेला नाही. त्याला त्याची सुतळी तशीच बांधलेली आहे. तिच्या गाठीवर आता बारीक पांढरं धरू लागलंय. पुसलं तरी आठवड्यानं पुन्हा येतं.

बिरोबाच्या देवळासमोर, दिवस बुडताना, वस्तीची सगळी माणसं बसलेली असताना मी उभं राहून म्हणायचं आहे की म्हाळाप्पाची जीभ खरी होती आणि माझा कागद खोटा होता. ते मी अजून म्हटलेलं नाही. ते मी देणं लागतो.